शिवणपेटी : पहिल्यावहिल्या ब्लॉकांचं काय करायचं?

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : क्विल्टिंग शिकताना जोडलेले ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेले गोधडीचे चौकोन, कपाटात पडून आहेत, टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. पत्रं वेगवेगळी असली तरी उत्तराची सुरुवात एकाच जागी होते. ब्लॉक ‘बिघडला’ एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय बिघडलंय ते बघा. माप चुकलंय, आकार वाकडा झालाय, शिवण कच्ची आहे की रंग सुटतोय? माप चुकलेल्या ब्लॉकांची उत्तम गोधडी होते. कच्च्या शिवणीच्या ब्लॉकांची होत नाही, मग ते दिसायला कितीही देखणे असोत.

प्रश्न : क्लासमध्ये नऊ तुकड्यांचे 20 ब्लॉक केले. प्रत्येक तुकडा 4½ इंचाचा कापला होता, म्हणजे ब्लॉक 12½ इंचाचा यायला हवा होता. प्रत्यक्षात सगळ्यात लहान 11¼ इंच आणि सगळ्यात मोठा 12¼ इंच भरला. सगळे उसवून पुन्हा शिवू का? (सांगली)

उसवू नका. अशा एका ब्लॉकमध्ये 8 शिवणी असतात, 20 ब्लॉकांच्या झाल्या 160. त्या उसवता उसवता कापडाच्या कडांचे धागे निघतात, कडा ताणल्या जातात आणि शेवटी हातात 4½ इंचाचा तुकडा राहतच नाही.

आधी चूक कुठे झाली ते पाहू. क्विल्टच्या शिवणीला पाव इंच मार्जिन (शिवणीपासून कडेपर्यंतचं कापड) धरतात. ब्लाउज, परकर शिवणाऱ्या हाताला अर्ध्या इंचाची सवय असते. नऊ तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये आडव्या दिशेला दोन शिवणी येतात आणि प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंचं कापड खाते. मार्जिन पाव इंचाऐवजी अर्धा इंच झालं, तर ब्लॉक 12½ ऐवजी 11½ इंचाचा होतो. नुसतं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त गेलं तरी अर्धा इंच कमी भरतो. तुमचे ब्लॉक एकमेकांशी जुळत नाहीत ते यामुळे. कापणीत फार चूक असण्याचा संभव कमी.

पुढच्या कामाआधी मशीनची परीक्षा घ्या. 1½ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा आणि इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर 1 इंच दिसली आणि तिन्ही मिळून 3½ इंच भरल्या, तर मार्जिन बरोबर आहे. प्रेशर फूटची (कापड दाबणाऱ्या पायाची) कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही, म्हणून कडेवर विसंबू नका. सुई स्केलच्या पाव इंचाच्या खुणेवर उतरवा, स्केलच्या टोकाशी मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टी लावा आणि कापड तिला घासून चालवा.

आता तुमचे 20 ब्लॉक. प्रत्येकाला चारही बाजूंनी एकाच रंगाची पट्टी लावायची आणि मग सगळे एका मापात छाटायचे. पट्टी 2½ इंच रुंद कापा. लहानात लहान, 11¼ इंचाच्या ब्लॉकला दोन्हीकडून पट्टी जोडली की तो 15¼ इंचाचा होतो. मोठ्यात मोठा 16¼ इंचाचा होतो. दोन्ही 14½ इंचाला छाटा. जोडणी झाल्यावर लहान ब्लॉकभोवती 1⅝ इंच पट्टी दिसेल, मोठ्याभोवती 1⅛ इंच. हा अर्ध्या इंचाचा फरक अंथरलेल्या गोधडीत डोळ्यांना कळत नाही, कारण डोळा पट्टीची रुंदी मोजत नाही, रंगाची जाळी बघतो. म्हणून पट्टी सगळ्यांना एकाच कापडाची हवी. इथे चिंध्या वापरायचा मोह टाळा.

कापड किती लागेल? एका ब्लॉकला 13 इंचाच्या दोन आणि 17 इंचाच्या दोन पट्ट्या. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून आडव्या पट्ट्या काढल्या, तर एका पट्टीत 13 इंचाचे तीन तुकडे बसतात किंवा 17 इंचाचे दोन. म्हणजे 14 अधिक 20, अशा 34 पट्ट्या. सव्वादोन मीटर पुरतं, अडीच घ्या. सुती पॉपलीन किंवा केंब्रिक चालेल. आधी धुऊन घ्या, नाहीतर पट्टी आटेल आणि आधीच धुतलेला ब्लॉक मध्ये फुगेल.

आधी दोन समोरासमोरच्या बाजूंना छोट्या पट्ट्या जोडा, इस्त्री करा, मग उरलेल्या दोन बाजूंना लांब पट्ट्या. पट्टीची लांबी ब्लॉकच्या कडेवर नुसती अंथरून ठरवू नका. कड ताणलेली असते, पट्टीही तिच्या मागोमाग वाढते आणि ब्लॉकला लाट येते. ब्लॉकच्या मध्यावर आडवी टेप धरा, येईल त्या मापाची पट्टी कापा. मग दोन टोकांना आणि मध्ये टाचण्या लावून कड त्या पट्टीत बसवा.

छाटताना जाड पुठ्ठ्याचा 14½ इंचाचा चौकोन करून ठेवा, त्याच्या मध्यातून उभी-आडवी रेघ मारा आणि ती रेघ ब्लॉकच्या मधल्या चौकोनावर बेतून बसवा. नुसती पट्टीची बाहेरची कड बघून छाटलं तर ब्लॉक एका अंगाला सरकतो. 4 उभ्या आणि 5 आडव्या रांगांत जोडल्यावर 56 × 70 इंच होतं. भोवती 3 इंचाचा काठ दिला की 62 × 76, एकेरी पलंगाला भरपूर.

काहींना हा सरळसोटपणा आवडत नाही. मग पुठ्ठा थोडा तिरका ठेवून छाटा, निम्मे ब्लॉक डावीकडे कललेले, निम्मे उजवीकडे. त्यासाठी पट्टी 3½ इंचाची लागेल, 2½ इंचाची पुरणार नाही. पुठ्ठ्याच्या एका कडेचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा 2 इंच सरकेल एवढाच कल द्या. यात बाहेरच्या कडा उरेब, म्हणजे तिरप्या धाग्याच्या, होतात, हात लागला की ताणल्या जातात. छाटण्याआधी खळ करून इस्त्री केलीत तर त्रास वाचेल.

प्रश्न : माझे नऊ तुकड्यांचे ब्लॉक मापाला ठीक आहेत, पण मधल्या चौकोनाचे कोपरे जुळलेले नाहीत. ब्लॉकचे चार तुकडे करून फिरवले की चूक लपते असं ऐकलं. खरं का? (नाशिक)

अर्धं खरं. मधल्या चौकोनाच्या मध्यातून उभा आणि आडवा काप दिला, तरी न जुळलेला कोपरा त्या चतकोरातच राहतो, नाहीसा होत नाही. फरक एवढाच की आधी चुकलेले चार कोपरे एका रेषेत होते, त्यामुळे रेषा तुटलेली दिसत होती. चतकोर फिरवले की ते विखुरतात आणि डोळ्यांना जुळवायला रेषाच उरत नाही. दोन-तीन मिलिमीटरची चूक अशी पचते. अर्ध्या इंचाची पचत नाही.

कापताना मध्य बाहेरच्या कडेवरून मोजू नका, मधल्या चौकोनाच्या शिवणींपासून मोजा. कापण्याआधी काप जिथे येणार त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक सूत सोडून टीप मारा. काप शिवणींना आडवा जातो, तिथले टाके सुटतात, ही टीप त्यांना धरून ठेवते.

चार चतकोर झाले की सगळ्या ब्लॉकांचे चतकोर एका मापात छाटा. कापलेल्या कडेपासून लहान चौकोनाच्या शिवणीपर्यंतचं अंतर सगळ्यांत सारखं ठेवा आणि जास्तीचं कापड बाहेरच्या, मोठ्या चौकोनाच्या अंगाने काढा. उलट केलंत तर लहान चौकोन कुठे बारीक, कुठे जाड दिसतील. मग कर्णावर समोरासमोर येणारे दोन चतकोर अर्धा वळसा फिरवून पुन्हा जोडा. 12½ इंचाच्या ब्लॉकचे चतकोर 6¼ इंचाचे, ते 6 इंचाला छाटले तर नवा ब्लॉक 11½ इंचाचा आणि जोडल्यावर 11 इंचाचा दिसतो. म्हणजे गोधडी थोडी आखडते, हे आधीच धरून चाला.

प्रश्न : ताऱ्याच्या ब्लॉकांची टोकं शिवणीत गेली आहेत. एकही टोक टोकदार नाही. (कोल्हापूर)

टोकाच्या पुढे पाव इंच कापड शिल्लक ठेवलं नाही की पुढची शिवण टोक खाते. ब्लॉक छाटताना बाहेरची कड सरळ करायच्या नादात हेच पाव इंच जातं. आता ते परत येणार नाही आणि त्रिकोणांच्या तिरप्या कडा उसवल्या तर तिथे कापड रबरासारखं ताणलं जाईल.

ब्लॉक भिंतीला टेकवून सहा फुटांवरून बघा. खटकत नसेल तर सरळ गोधडीत घाला. खटकत असेल तर तोरण करा. 12 इंचाच्या ब्लॉकवर दोन्ही कर्ण आखा, कर्णाच्या दोन्ही बाजूंना टीप मारा आणि मग कापा. 12 इंच पायाच्या आणि 6 इंच उंचीच्या चार पताका निघतात. तीन फुटी दाराला तीन पुरतात, चौथी देवघराच्या कोनाड्याला. प्रत्येक पताकेला मांजरपाटाचं अस्तर सुलट बाजूवर ठेवून दोन तिरप्या कडा शिवा, टोकाला जास्तीचं कापड कापा, सुलटी करा. वरची कड मोकळीच ठेवा, ती 2½ इंच रुंद आणि 56 इंच लांब पट्टीच्या घडीत बसवायची. दोन्ही टोकांना दहा-दहा इंच बांधायला राहतात.

पताकेची तिरपी कड लटकल्यावर वेडीवाकडी होते अशी तक्रार येते. अस्तरही त्याच दिशेने तिरपं कापलं तर तसंच होणार. अस्तराचा उभा धागा पताकेच्या एका तिरप्या कडेला समांतर ठेवा, निदान ती बाजू तरी ताणली जाणार नाही.

प्रश्न : ब्लॉक टेबलावर सपाट बसत नाही. काहींचा मध्य फुगतो, काहींच्या कडा लाटांसारख्या होतात. दोन्हींना उपाय एकच का? (फोंडा, गोवा)

नाही, हे दोन उलटे आजार आहेत. मध्य फुगतो तेव्हा कडा आखूड असतात. कडेला लाटा येतात तेव्हा कडा लांब झालेल्या असतात.

लाटांचं कारण बहुतेक वेळा इस्त्री. शिकताना आपण इस्त्री कपड्यांवर फिरवतो तशी पुढे-मागे घासतो आणि उरेब कडा वाढतात. ब्लॉकवर इस्त्री टेकवायची, उचलायची, पुढे ठेवायची. वाढलेली कड परत आणायला कडेपासून एक सूत आत हाताने बारीक धावदोरा घाला. ब्लॉकच्या मध्याचं माप घ्या आणि दोरा ओढून कड त्या मापावर आणा. पाणी शिंपडा, वर सुती फडकं घालून गरम इस्त्री दाबून धरा. बारा इंचात पाव ते अर्धा इंच वाढ अशी जिरते. इंचभर वाढ असेल तर जिरवायचा प्रयत्न करू नका, तिथे चुण्या पडतील.

फुगलेल्या मध्याला इस्त्रीने काही होत नाही. आधी उलट्या बाजूने शिवणी बघा, बाहेरच्या एखाद्या शिवणीत मार्जिन जास्त गेलेलं असेल तर तेवढीच शिवण उसवून सुधारा. तशी सापडली नाही, तर मधल्या भागातली एक शिवण दोन्ही टोकांकडे शून्यावर आणत थोडी खोल घ्या. तेही जमलं नाही तर फुगा तसाच ठेवून खाली दुहेरी वॉडिंग (गोधडीच्या मधला मऊ थर) घाला आणि त्या भागात दाट टाके घाला, टाक्यांत बराचसा फुगवटा बसतो. चुणी आलीच तर ती एका जागी न येता पसरून यावी, म्हणून टाके मध्यापासून बाहेर घालत न्या.

खळीबद्दल एक सूचना. साबुदाण्याची किंवा तांदळाची खळ केलेले ब्लॉक वर्षभर कपाटात ठेवू नका. कसर आणि झुरळं खळीला येतात. ठेवायचेच असतील तर धुऊन ठेवा.

प्रश्न : ब्लॉकमध्ये लाल खणाचे तुकडे आहेत. एक ब्लॉक भिजवून पाहिला तर पांढऱ्या तुकड्यांवर गुलाबी डाग आले. व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात ठेवले तर रंग पक्का होईल का? (पुणे)

होणार नाही. व्हिनेगर रेशीम आणि लोकरीच्या काही रंगांना मदत करतं, सुती कापडावरच्या रंगाला नाही. मीठ रंगवताना रंगाच्या टाकीत उपयोगी पडतं, रंगवून झालेल्या कापडातला मोकळा रंग ते बांधून ठेवत नाही. सुटणारा रंग काढून टाकणं हाच उपाय.

डाग आलेला ब्लॉक वाळू देऊ नका, वाळला की डाग बसतो. मोठ्या बादलीत भरपूर गरम पाणी, साधारण 60 अंश, आणि धुण्याची पावडर घाला. ब्लॉक मोकळा तरंगेल एवढं पाणी हवं. अर्ध्या तासाने पाणी बदला, स्वच्छ पाणी येईपर्यंत बदलत राहा. पिळून गोळा करून ठेवू नका, तिथेच एका तुकड्याचा रंग दुसऱ्याला लागतो. हे सगळं सुती तुकड्यांना. खण हल्ली सुती-रेशमी, कृत्रिम रेशमी, पॉलिस्टर अशा कितीतरी प्रकारचा मिळतो. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून पेटवून बघा : सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. खरं रेशीम असेल तर गरम पाणी नको.

तीन-चार पाण्यांनंतरही रंग येत असेल तर तो ब्लॉक धुवावा न लागणाऱ्या वस्तूत जाऊ द्या. फ्रेम, तोरण, वहीचं बाहेरचं कव्हर. बाळाच्या दुपट्यात तर मुळीच नको.

प्रश्न : एकेकटे ब्लॉक आहेत, त्यांची गरम भांडं धरायची फडकी करता येतील का? (ठाणे)

येतील, आणि याइतका चांगला उपयोग एकट्या ब्लॉकला दुसरा नाही. पण ब्लॉक पूर्ण सुती हवा. पॉलिस्टरचा तुकडा किंवा पॉलिस्टर वॉडिंग तापलेल्या तव्याला टेकलं तर आक्रसतं, वितळतं आणि बोटाला चिकटतं. जरीचा काठही नको, धातूची जर उष्णता सरळ बोटांपर्यंत आणते. दोराही सुतीच घ्या.

ब्लॉक 8½ इंचाला छाटा. खाली जुन्या सुती टॉवेलचे दोन थर, सगळ्यात खाली जुनी जीन्स. पिना लावून दर इंचावर टिपा मारा, मशीनला 16 नंबरची सुई आणि टाका थोडा लांब, 3 मिलिमीटर. भोवती गोट लावायला 2¼ इंचाची पट्टी, उभी दुमडून दुहेरी. 8½ चौक 34 आणि कोपरे-जोडाला 8, म्हणजे 42 इंच, 44 इंच पन्ह्याची एकच पट्टी पुरते. लटकवायचा फासा गोटातच पकडून शिवा.

फडकं ओलं असताना गरम भांडं धरू नका. ओल्या कापडातून उष्णता झटकन येते आणि वाफेने हात भाजतो.

प्रश्न : माझ्याकडे 6 इंचापासून 15 इंचांपर्यंत सगळ्या मापांचे 25-30 ब्लॉक आहेत, एकही दुसऱ्याशी जुळत नाही. पट्ट्या लावून सारखे करायचा कंटाळा येतो. दुसरी काही तऱ्हा आहे का? (बेळगाव)

तुमच्या शेजारच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी (आफ्रिकी मूळ असलेल्या) समाजाच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. तिच्यात ब्लॉक ही कल्पनाच नाही. आधी वरचं पान जोडून मग अस्तर लावणं, हा क्रमही नाही. अस्तराच्या कडेपासून सुरुवात करून एकेक तुकडा ठेवत, कडा आत दुमडत, धावदोऱ्याने सगळे थर एकदम शिवत भोवती फिरत मध्यापर्यंत जायचं. तुकडा कोणत्याही मापाचा चालतो. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या लहान चौकोनांची ‘फुला’ लावतात. ही पद्धत बेमापी ब्लॉकांना अगदी फिट बसते, फक्त ब्लॉक साध्या चिंधीपेक्षा जाड असतो, त्यासाठी थोडे बदल करावे लागतात.

अस्तर हवं त्या मापापेक्षा चारही बाजूंनी 3 इंच मोठं घ्या, धावदोऱ्यात कापड आखडतं. जुनी सुती साडी उत्तम. मध्ये आणखी एक साडी अंथरली की ऊब आली, वेगळं वॉडिंग नको. मोठे ब्लॉक कडेच्या फेरीत घाला. ब्लॉकांमधल्या फटीत साडीच्या साध्या चिंध्या. दोन ब्लॉक एकमेकांवर चढवू नका, ब्लॉक आणि चिंधी चढवा, नाहीतर शिवणींच्या गाठीतून सुई जात नाही. ब्लॉकच्या उलट्या बाजूला चार शिवणी जिथे भेटतात तिथले जास्तीचे कोपरे आधीच कातरून टाका.

डाव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करा. अस्तराची कड अर्धा इंच आत, ब्लॉकची कड अर्धा इंच आत, दोन्ही कडा समोरासमोर आणून कडेपासून एका सुताच्या अंतरावर धावदोरा. कोपऱ्यात फुला हवा असेल तर तो याच वेळी दोन कडांमध्ये पकडावा लागतो. पुढची ओळ अर्ध्या इंचावर. इंचाला चार टाके पुरे. दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याला गाठी पडतात. नवा ब्लॉक ठेवताना त्याची बाहेरची कड अर्धा इंच दुमडून आधीच्या तुकड्यावर पाऊण इंच चढवा. चढ कमी ठेवली तर धुतल्यावर कड निसटते आणि तिथे भोक पडतं.

या पद्धतीत नवख्या हाताचं काम हमखास एकाच जागी फसतं : मध्यावर. सगळा ढिलेपणा फेरीगणिक आत ढकलला जातो आणि शेवटी मध्यात अस्तराचा फुगा उरतो. दर दोन फेऱ्यांनंतर काम जमिनीवर उलटं अंथरा, अस्तर हाताने मध्यापासून बाहेर सारखं करा, सुरकुती धरली असेल तर तेवढे टाके काढा. शेवटचा तुकडा आधी कापून ठेवू नका. मध्ये भोक किती उरलं ते मोजा, चारही बाजूंनी सव्वा इंच जास्त घ्या. पाऊण इंच चढवायला, अर्धा दुमडायला.

वेळ लागतो, हे खरं. पण 30 ब्लॉक छाटून सारखे करायला लागणारा वेळही काही कमी नाही.

प्रश्न : बारा ब्लॉक गोधडीच्या मागच्या बाजूला लावायचे आहेत. टाके घालायला गोधडी लाँगआर्म मशीनवर (गोधडीचे थर एकत्र शिवणाऱ्या मोठ्या मशीनवर) देणार आहे. काही काळजी? (न्यू जर्सी)

बारा ब्लॉकांची एक उभी रांग करा आणि ती अस्तराच्या मध्यात न लावता एका अंगाला लावा. मध्यात लावली की पुढच्या बाजूचा मध्य तिच्याशी जुळायला हवा असं डोळ्यांना वाटतं आणि मशीनवर ते तंतोतंत जुळत नाही. मागच्या बाजूच्या शिवणी उघडून इस्त्री करा, पुढच्या शिवणीवर मागची शिवण आली की तिथे सुई मोडते. अस्तर पुढच्या पानापेक्षा प्रत्येक बाजूने 4 इंच मोठं हवं आणि ब्लॉकांची रांग त्या 4 इंचांत येऊ देऊ नका, ते शेवटी छाटलं जातं.

प्रश्न : शिवण ओढली की उघडते असे काही ब्लॉक आहेत. तेही वाचवायचे का? (सोलापूर)

दोन कारणांनी उघडते. टाका लांब असेल, 4 मिलिमीटरचा वगैरे, तर त्याच रेघेवर 2 मिलिमीटरच्या टाक्याने पुन्हा टीप मारा, ब्लॉक पक्का झाला. मार्जिनच एका सुतापेक्षा कमी असेल तर टीप मारूनही धागे निसटतात. अशा ब्लॉकला मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्युजिंग लावलं तर तो पिशवीच्या बाहेरच्या खिशाला किंवा मशीनच्या आच्छादनाला चालतो. रोज धुवायच्या वस्तूला नाही.

आणि कापड मुळातच विरलेलं असेल, बोटाने दाबलं की फाटत असेल, तर वाचवू नका. त्याचं पोतेरं करा.

प्रश्न : मशीनवर मोकळ्या हाताने टाके घालायला शिकायचं आहे. नव्या कापडावर सराव करायला जीव होत नाही. जुने ब्लॉक वापरू का? (छत्रपती संभाजीनगर)

तेच वापरा. साध्या कापडाच्या तुकड्यावर केलेला सराव पुरत नाही, कारण खऱ्या गोधडीत सुई दर काही इंचांनी शिवणीच्या उंचवट्यावर चढते आणि तिथेच टाका सुटतो. जुन्या ब्लॉकमध्ये तो उंचवटा आयताच मिळतो.

ब्लॉक, वॉडिंग आणि अस्तर असा थर करा. वॉडिंग आणि अस्तर ब्लॉकपेक्षा भोवती 3 इंच मोठं ठेवा, हात धरायला जागा लागते. फीड डॉग (कापड सरकवणारे दाते) खाली करा, मोकळ्या कामाचा पाय लावा, वर एका रंगाचा आणि बॉबीनला दुसऱ्या रंगाचा दोरा घाला. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण जास्त आहे, अर्धा आकडा कमी करा. वरचा रंग खाली दिसला तर वरचा ताण वाढवा. वळणावर मागच्या बाजूला दोरा पापण्यांसारखा रांगेने दिसत असेल, तर ताणाला हात लावू नका. मशीन हळू आणि हात जोरात चाललाय, एवढाच त्याचा अर्थ. पेडल थोडं जास्त दाबा, हात सावकाश.

सुरुवात ब्लॉकच्या शिवणींवरूनच करा, आखणी आधीच झालेली असते. मग प्रत्येक चौकोनात एक वळण. ब्लॉकच्या मागे पेनने तारीख, सुईचा नंबर आणि ताणाचा आकडा लिहून ठेवा, पुढच्या गोधडीच्या वेळी शोधावा लागणार नाही.